रणभिसेंच्या घरातली शांतता

"शनिवारी दुपारी बारा ते दोन या घरात टाचणी जरी पडली, तरी ती माझ्या परवानगीने पडेल," असं शरच्चंद्र रणभिसे यांनी गुरुवारी संध्याकाळी जाहीर केलं आणि बायकोपुढे एक कागद सरकवला.

कागदाच्या कोपऱ्यात जावक क्रमांक होता. त्याखाली 'विषय : शांतता' असं लिहून दोन रेघा मारल्या होत्या आणि मग घरातल्या एकूण अकरा आवाजांची यादी होती. भिंतीवरचं घड्याळ, स्टोव्ह, मोरीतला नळ, दाराची बिजागरी, सरोजिनीबाईंच्या बांगड्या, शेजारच्या लीलाताई, वगैरे. प्रत्येक आवाजासमोर 'कार्यवाही' नावाचा रकाना आखलेला होता.

सरोजिनीबाईंनी यादी दोनदा वाचली. "लीलाताई आपल्या घरात कुठे राहतात?"

"त्या नाही राहत. त्यांचा आवाज राहतो," शरच्चंद्र म्हणाले. ते खरंच होतं. लीलाताई जगदाळे अंगणात सुनेला हाक मारायच्या तेव्हा पाटणकर बाजारातली दोन गिऱ्हाइकं तरी मागे वळून बघायची.

एवढा खटाटोप कशासाठी, ते सांगायला हवं. साल छप्पन्न, महिना ऑक्टोबर. एक नोव्हेंबरला मध्यभारत नावाचं राज्य नकाशावरून जायचं होतं आणि नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला व्हायची होती. आठ वर्षांपूर्वी संस्थान विलीन झालं तेव्हा ग्वाल्हेरच्या कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या, पण माणसं आपापल्या खुर्चीत राहिली. आता खुर्च्याच निघाल्या होत्या. गावातल्या मराठी घरांत तेव्हा दोनच प्रश्न विचारले जात. तुमचं नाव भोपाळला जाणाऱ्यांच्या यादीत आहे का, आणि भोपाळचं पाणी कसं आहे.

शरच्चंद्रांचं नाव यादीत होतं. त्यांना जायचं नव्हतं, पण ते पाण्यामुळे नाही. त्यांना रेडिओवर बोलायचं होतं. आजोबा नगरकडून मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून आले, तेव्हापासून रणभिसे कुटुंब ग्वाल्हेरलगतच्या मुरार छावणीतल्या चर्चात जात असे. तिथे दर रविवारी बायबलमधलं शास्त्रवाचन शरच्चंद्र करत. एका म्हाताऱ्या बाईंनी एकदा सांगितलं की तुझं वाचन ऐकून माझा गुडघा दुखायचा थांबला. त्या दिवसापासून आपला आवाज देवाने काही कामासाठी दिला आहे, याबद्दल त्यांच्या मनात शंका उरली नाही. फक्त आठवड्याचे सहा दिवस तो आवाज एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर बसून असे.

पुण्यात एक ख्रिस्ती ध्वनिमंडळ होतं. त्यांचे मराठी कार्यक्रम फितीवर भरून समुद्रापलीकडे जात आणि तिथल्या केंद्रावरून लघुलहरींवर परत आपल्याकडे येत. शरच्चंद्र तीन वर्षं त्यांना भाषणं लिहून पाठवत होते. ती दुसरंच कोणी तरी नाकात वाचत असे. आपले शब्द परक्याच्या नाकातून ऐकायचे, हे दुःख त्यांनी प्रार्थनेत अनेकदा सादर केलं होतं. आणि आता मंडळाने ग्वाल्हेरला एक छोटी ध्वनिमुद्रणाची खोली काढायचं ठरवलं होतं. तिला पूर्णवेळ निवेदक हवा होता. मंडळाच्या कार्यक्रमप्रमुख सुमनताई साळवे शनिवारी दोन गाड्यांच्या मधल्या वेळात ग्वाल्हेरला उतरणार, मशीन बरोबर आणणार, शरच्चंद्रांची पंधरा मिनिटं भरून घेणार आणि तिथल्या तिथे काय ते सांगणार होत्या. मुरारच्या चर्चात आवाज घुमतो, तेव्हा एखादी लहान खोली बघा, असं त्यांनीच कळवलं होतं. पत्रात पुढे होतं, 'विषय : खरेपणा. कागदावरून न वाचता बोललात तर उत्तम.'

यातलं दुसरं वाक्य शरच्चंद्रांनी वाचलं नाही, असं म्हणू या. त्यांनी अकरा पानी भाषण लिहिलं.

कचेरीतले हेडक्लार्क माधवराव दिघे देवमाणूस होते. यादीत शरच्चंद्रांच्या नावापुढची जागा त्यांनी कोरी ठेवली होती. "शनिवारी संध्याकाळच्या डाकेने यादी भोपाळला जाईल," ते म्हणाले होते. "जाणार की राजीनामा, तेवढं मला तोपर्यंत सांग. कारण विचारत नाही." म्हणजे सुमनताई हो म्हणाल्या तर राजीनामा, नाही म्हणाल्या तर भोपाळ. देवाचं काम आणि पोटाचं काम एकाच टेबलावर येण्याची ही एकच संधी होती, आणि वयाच्या चाळिशीत ती पुन्हा येईल असं शरच्चंद्रांना वाटत नव्हतं.

अडचण एकच होती. शनिवार कामाचा दिवस, आणि एक तारखेपर्यंत सगळ्या रजा बंद. अपवाद फक्त आजारपणाचा. शुक्रवारी सकाळी शरच्चंद्रांनी अर्ज लिहिला. 'छातीत वारंवार कळ येत असल्याने...'

"भाषण कशावर आहे म्हणालात?" सरोजिनीबाईंनी विचारलं.

"खरेपणावर."

"आणि छातीत कळ?"

"सरोज, हे प्रभूचं काम आहे."

"प्रभूने रजा मागितली होती का?"

शरच्चंद्रांनी अर्ज खिशात घातला आणि ते सायकलवर बसून निघून गेले. माधवरावांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "जपून जा. सायकल राहू दे इथे, तांगा कर." शरच्चंद्रांना त्या वेळी छातीत खरोखरच थोडं टोचलं. पण ते गेले सायकलवरच.

शनिवारी सकाळपासून कार्यवाही सुरू झाली. खिडक्यांना गोधड्या टांगल्या, दाराला गादी टेकवली. घड्याळाचा लंबक धरून थांबवला, तेव्हा साडेनऊ वाजले होते आणि मग दिवसभर साडेनऊच राहिले. स्टोव्ह पेटवायचा नाही, कारण तो फरफरतो. चिवडा खायचा नाही, कारण तो वाजतो. दोघांनी दोन-दोन केळी खाल्ली. सगळी पायताणं बाहेर पायरीपाशी ओळीने लावली. सरोजिनीबाईंनी बांगड्या उतरवून डब्यात ठेवल्या. शरच्चंद्रांनी पांढरंशुभ्र धोतर नेसलं, कारण सुमनताई पुण्याच्या होत्या, आणि गळ्याला मफलर गुंडाळून ते खुणांनी बोलू लागले.

लीलाताईंना गप्प करण्याचं काम सरोजिनीबाईंकडे आलं. आता खरं कारण सांगायची पंचाईत होती. लीलाताईंना सांगितलेली गोष्ट कचेरीत माधवरावांच्या कानावर जायला घटकाभर वेळ पुरला असता. गोधड्या झटकून झटकून सरोजिनीबाईंच्या नाकातोंडात धूळ गेली होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तशाच त्या कुंपणापाशी गेल्या.

"लीलाताई, आज दुपारी दोन वाजेपर्यंत जरा शांतता ठेवाल का? गल्लीतही सांगाल का सगळ्यांना?"

"का गं, काय झालं?"

"ह्यांच्यासाठी," सरोजिनीबाई म्हणाल्या. खोटं बोलायचं नव्हतं म्हणून त्यांनी मान खाली घातली आणि पदराने डोळे पुसत घरात गेल्या.

बारा वाजता सुमनताईंचा तांगा आला. किरकोळ अंगाच्या, पांढऱ्या साडीतल्या बाई. कमी बोलणाऱ्या. तांगेवाल्याने एक काळी लाकडी पेटी हलक्या हाताने आत नेली. मग दार लागलं, मागे गादी टेकली आणि आत शांततेला सुरुवात झाली.

सुमनताईंनी कानाला हेडफोन लावले, माइक टेबलावर ठेवला आणि बोट वर केलं. फीत फिरू लागली. शरच्चंद्रांनी घसा खाकरला आणि पुण्याच्या मराठीत सुरुवात केली.

"उपरोक्त विषयास अनुसरून मी आपणांसमोर सविनय निवेदन करू इच्छितो की, सत्य ही बाब अत्यंत महत्त्वाची असून तिचे अनुपालन प्रत्येकाने..."

सुमनताईंनी फीत थांबवली. "शरच्चंद्रराव, समोर एक माणूस बसलाय असं समजून बोला."

दुसऱ्या वेळी समोर एक अवर सचिव बसल्यासारखं झालं. तिसऱ्या वेळी त्यांनी प्रार्थनेपासून सुरुवात केली, तर प्रार्थनेच्या शेवटी 'कळावे' आलं. चौथ्या वेळी पाचव्या पानावर सुमनताईंनी हळूच हेडफोन काढून ठेवले.

"तुमचं लिखाण मी तीन वर्षं वाचते आहे," त्या म्हणाल्या. "त्यात मधूनमधून एक माणूस दिसतो. मला तो हवा होता. हा कोण आहे?"

शरच्चंद्र पानं परत पहिल्यापासून लावू लागले. सरोजिनीबाई कोपऱ्यात बसून होत्या. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर दोघांनाही रडू आलं असतं.

"एक मात्र सांगते," सुमनताई म्हणाल्या, "एवढी शांतता मला पुण्यात मिळत नाही. तांगा नाही, कुत्रं नाही, कोणाची हाक नाही. भर बाजाराच्या पाठीमागे हे कसं जमवलंत?"

शरच्चंद्रांनाही ते नवलच वाटलं. दोन तास गप्प बसा म्हणून सांगितल्यावर या गल्लीने ऐकावं, असा इतिहास नव्हता. सुमनताईंनी पुन्हा हेडफोन लावले आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. "कोणीतरी रडतंय," त्या म्हणाल्या. "एक नाही, बरेच जण."

आणि तेवढ्यात बाहेर कॉर्नेटची पितळी तुतारी वाजू लागली.

बाहेर काय घडलं होतं ते नंतर कळलं, ते असं. सरोजिनीबाई डोळे पुसत आत गेल्यावर लीलाताई कुंपणापाशी उभ्याच राहिल्या. खिडक्या झाकलेल्या. घड्याळाचे टोले नाहीत. सकाळपासून स्टोव्हचा आवाज नाही, म्हणजे घरात चूल पेटलेली नाही. पायरीशी पायताणांची ओळ. सरोजिनीच्या हातात बांगड्या नाहीत. मग पांढऱ्या साडीतली चर्चची बाई पेटी घेऊन आली आणि दार बंद झालं. लीलाताईंच्या उभ्या आयुष्यात या सगळ्या गोष्टी एकाच दिवशी, एकाच घरात, एकाच कारणाने झालेल्या होत्या. आणि सरोजिनी तोंडाने म्हणाली होतीच, ह्यांच्यासाठी.

लीलाताई जन्मात पहिल्यांदा एक शब्दही न बोलता घरात गेल्या आणि त्यांनी बेसन भिजवलं. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, तेव्हा शेजारणीने पिठलं-भात न्यायचा, हे त्यांना कोणी शिकवावं लागलं नव्हतं. रणभिसे ख्रिस्ती आहेत हे त्यांना माहीत होतं, पण ख्रिस्ती झाला तरी माणसाला भूक लागतेच, असा त्यांचा हिशोब होता.

परत निघालेल्या तांगेवाल्याला त्यांनी फक्त एवढंच सांगितलं, "कचहरी में खबर कर दो, भैया. बाबूजी नहीं रहे." तांगेवाल्याने खबर केली. माधवरावांनी शंका घेण्याचा प्रश्नच नव्हता. छातीत कळ असल्याचा लेखी पुरावा त्यांच्या टेबलावर होता. त्यांनी यादीतली कोरी जागा शोधली, तिच्यात 'मयत' असं लिहिलं, यादी पुरी झाली म्हणून दुपारच्याच डाकेने रवाना केली, आणि खात्यातली सहा माणसं व झेंडूचा हार घेऊन पाटणकर बाजाराकडे निघाले.

शरच्चंद्रांनी गादी बाजूला करून दार उघडलं, तेव्हा त्यांना समोर दिसलं ते हे. गल्लीतले सगळे पुरुष डोक्यावरच्या टोप्या हातात घेऊन उभे. बायका पायरीवर पदर तोंडाशी लावून बसलेल्या. मधोमध लीलाताई, मांडीवर पातेलं. माधवरावांच्या हातात हार. आणि कुंपणाशी लीलाताईंचे यजमान कान्होजीराव, संस्थानी फौजेच्या बँडचा जुना लाल कोट घालून, डोळे मिटून कॉर्नेट वाजवत होते. फौज विलीन झाली तेव्हा बँडही मोडला होता, आणि तेव्हापासून तो कॉर्नेट पेटीतून कोणी बाहेर काढलेला पाहिला नव्हता.

कॉर्नेट सोडून सगळं थांबलं. कान्होजीरावांचे डोळे मिटलेले होते, त्यामुळे त्यांनी धून पुरी केली. मग डोळे उघडले, पांढऱ्या धोतरातल्या शरच्चंद्रांना पाहिलं आणि फौजी शिस्तीत एक पाऊल मागे घेतलं.

"शरद," लीलाताई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज जागेवर आला, "तू मेला नाहीस?"

"नाही, लीलाताई."

"मग बताना था ना रे. मी इथे तासभर रडून राहिले."

शरच्चंद्र एक पाऊल मागे सरले, तसे लोक एक पाऊल पुढे आले. असं करत करत सगळी गल्ली त्या गोधड्या टांगलेल्या अंधाऱ्या खोलीत शिरली. शरच्चंद्र टेबलाला टेकले, मागे जायला वाट नव्हती. समोर माधवराव होते. रडून त्यांचं नाक लाल झालं होतं आणि ते हसतही होते, पण हसता हसता त्यांना काहीतरी आठवलं.

"आणि तुझी छाती?" त्यांनी विचारलं. "कळ कशी आहे आता?"

इथे आणखी एक खोटं बोलता आलं असतं. ते तयारच होतं, तोंडाशी आलं होतं. जरा बरं आहे, डॉक्टर येऊन गेले, वगैरे. शरच्चंद्रांनी माधवरावांच्या हातातल्या हाराकडे पाहिलं. त्या माणसाने हार आणताना चप्पलसुद्धा उलटसुलट घातली होती.

"छातीत काही नाही, माधवराव," ते म्हणाले. "कधीच नव्हतं. मी झूठ लिहिलं. रजा मिळत नव्हती, म्हणून लिहिलं. तुम्ही एक सवाल नाही केला. म्हणालात, तांगा कर. मी तांगाही केला नाही, सायकलवर गेलो, आणि चौक ओलांडल्यावर शिटी वाजवत गेलो. आज मी इथे रेडिओसाठी भाषण द्यायला बसलो होतो. विषय काय, तर खरेपणा. अकरा पानं लिहिलीत. बारा वाजल्यापासून चार वेळा वाचली, एकदाही जमली नाहीत, आणि मी समजत होतो की माइकमध्येच काही गडबड आहे."

खोलीत इतकी माणसं आणि इतक्या गोधड्या होत्या की त्यांचा आवाज कुठेच आदळत नव्हता.

"मला वाटलं, देवाचं काम आहे, एवढंसं झूठ चालून जाईल. पण देवाला कुठे लागतं झूठ? मला लागलं. मला डर वाटत होता. वीस वर्षं मी दुसऱ्यांची पत्रं आवक केली आणि जावक केली. एकही माझं नव्हतं. वाटायचं, एक तरी गोष्ट तोंडातून अशी निघावी, जी माझी पण असेल आणि देवाची पण असेल. रविवारी चर्चात वाचतो तेव्हा तेवढा वेळ मी बरा माणूस असतो. मला ते सगळे दिवस पाहिजे होतं. हे हुकलं तर भोपाळला जाऊन परत शिक्के मारायचे. या डराने मी तुम्हाला फसवलं, आणि तुम्ही माझ्यासाठी फुलं घेऊन आलात. लीलाताई, तुम्ही रडलात. मी यापुढे तुमच्यासमोर मान वर नाही करणार."

"मान वर कर," लीलाताई म्हणाल्या. "ताट देते आहे, भात सांडेल." खरोखरच त्यांनी पितळी पुढे केली होती. "गुरुवारी माझ्या लेकाचं पलटणीतून पत्र आलं, ते तू पायरीवर बसून वाचून दाखवलंस. तेव्हा असाच बोलला होतास. मला वाटलं, पोरगाच बोलून राहिलाय. आणि ही अकरा पानं कशाला लिहिलीस?"

माधवरावांनी खिशातून एक कागद काढला. "मीही एक पान लिहिलं होतं. शोकप्रस्ताव. आता याचं काय करायचं?"

"वाचा की," लीलाताई म्हणाल्या. "लिहिलंय तर वाचा."

माधवरावांनी चष्मा लावला. "'सदर कर्मचारी वीस वर्षे नियमितपणे वेळेवर हजर राहिला. त्याच्या मृदू स्वभावामुळे खाते त्यास विसरणार नाही. त्याने आपल्या कार्यकाळात एकही असत्य नोंद केली नाही...'" ते थांबले. मग त्यांनी खिशातलं पेन काढून ते एक वाक्य काळजीपूर्वक खोडलं आणि पुढे वाचलं. "'असा सहकारी लाभणे हे भाग्य होय.' हे राहू दे. हे खरं आहे."

शरच्चंद्रांनी पितळी टेबलावर ठेवली. कान्होजीराव कोट सारखा करत पुढे आले. "ही धून आम्ही मुरारला वाजवायचो. रेसिडेन्सीतले साहेब लोक जायचे तेव्हा," ते म्हणाले. "म्हटलं, ख्रिस्ती माणूस आहे, त्याला त्याच्या धुनेनं पोचवावं. आठ वर्षं ओठ लावला नव्हता. वाजेल की नाही, डर होता."

"छान वाजली," कोपऱ्यातून सुमनताई म्हणाल्या. त्या तिथे आहेत हे सगळे विसरले होते. त्यांच्या कानांवर हेडफोन होते आणि समोरच्या पेटीवर फीत अजून फिरत होती. त्यांनी एक बटण दाबलं, फीत थांबली. "मशीन बंद करायचं राहून गेलं माझं. सोळा मिनिटं झाली आहेत. एक मिनिट कापावं लागेल. भाताचं कापते."

"ताई, ते नको," शरच्चंद्र घाईने म्हणाले. "ते भाषण नव्हतं."

"हो. म्हणूनच." सुमनताईंनी फीत मागे घेतली आणि पुन्हा लावली.

त्या खोलीतल्या कोणीच आपला आवाज आजवर बाहेरून ऐकला नव्हता. दाराआडून आलेला कॉर्नेट आधी वाजला, जरा लांबून, जणू मुरारहूनच. मग लीलाताईंचा आवाज आला आणि पेटीचं झाकण थरथरलं. "मी एवढ्या जोरात बोलते?" लीलाताईंनी विचारलं. यावर संपूर्ण गल्लीने जी शांतता पाळली, ती त्या दिवसातली सगळ्यांत गाढ शांतता होती. मग शरच्चंद्र बोलू लागले, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या गल्लीतली आपली हिंदीत बुडवलेली मराठी, अडखळत, कुठेही 'उपरोक्त' नाही. सरोजिनीबाईंनी ती ऐकताना पहिल्यांदा नवऱ्याकडे मान वळवून बघितलं. हाच माणूस तर रोज घरी असतो, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं.

"एक तारखेपासून कामाला लागा," सुमनताई म्हणाल्या. "अट एकच. कागद टेबलावर आणायचा नाही. आणि ही धून मला दर आठवड्याला सुरुवातीला हवी. कान्होजीराव, तुमची परवानगी असेल तर."

कान्होजीरावांनी टाचा जुळवल्या. त्यांनी कडक सॅल्यूट ठोकला आणि मग खिडकीवरच्या गोधडीकडे तोंड करून बराच वेळ उभे राहिले.

सगळं गोड झालं होतं, तेवढ्यात माधवराव मटकन खाली बसले. "अरे, पण यादी गेली," ते म्हणाले. "मी तुला मयत लिहिलंय. सही केलीय. भोपाळला गेलीसुद्धा असेल."

"मग जिवंत लिहून पाठवा," लीलाताई म्हणाल्या.

"त्याला नमुना नाही," माधवराव हताशपणे म्हणाले. "बदलीला नमुना आहे, निलंबनाला आहे. मेलेला परत आला, तर त्याला कुठला फॉर्म लावायचा?"

नव्या नोकरीची सुरुवात खोट्या नोंदीवर करायची नाही, असं शरच्चंद्रांनी ठरवलं. त्यांनी तिथेच बसून भोपाळला पत्र लिहिलं, आयुष्यातलं शेवटचं सरकारी पत्र. 'मी हयात आहे व राजीनामा देत आहे.' दोन ओळींचं. माधवरावांनी त्यावर शिफारस लिहिली आणि सगळ्यांनी उरलेला पिठलं-भात खाल्ला. सुमनताईंनी दोनदा वाढून घेतला आणि त्यांची गाडी थोडक्यात सापडली.

त्या पत्राचं उत्तर जानेवारीत आलं, ज्या शनिवारी पहिला कार्यक्रम लागायचा होता नेमक्या त्याच दिवशी. शरच्चंद्रांनी ते कान्होजीरावांच्या अंगणात उभ्याउभ्या वाचलं. भोपाळच्या कचेरीने कळवलं होतं की, अर्जदार अभिलेखानुसार मयत असल्याने त्यांचा राजीनामा स्वीकारता येत नाही. दुसरं असं की, मयताने केलेला पत्रव्यवहार नियमबाह्य असून यापुढे तो करू नये.

"काय म्हणतात?" सरोजिनीबाईंनी विचारलं.

"पुन्हा बोलू नका म्हणतात."

"श्श," लीलाताई म्हणाल्या. संध्याकाळचे सात वाजत आले होते. कान्होजीरावांनी रेडिओ बाहेर काढून पाटावर ठेवला होता आणि लाल कोट घालून ते त्याच्याशेजारी ताठ बसले होते. सगळी गल्ली अंगणात जमली होती. गावातल्या कंपू भागातून माधवराव आले होते. खरखर झाली, शिट्ट्या वाजल्या, आणि मग समुद्र ओलांडून मुरारची धून पाटणकर बाजारामागच्या गल्लीत आली. पुरुषांनी टोप्या काढल्या. बायकांचे पदर डोळ्यांशी गेले. लीलाताईंच्या घरातून पिठल्याच्या फोडणीचा वास येत होता, कारण त्यांच्या मते या कार्यक्रमाला तेच चालतं.

गल्लीच्या तोंडाशी एक परका माणूस हातात गठुडं घेऊन चालला होता. ती शांतता, ती धून आणि ते ओले डोळे पाहून तो थबकला. त्याने चपला काढल्या, हात जोडले आणि कुंपणापाशी येऊन हळू आवाजात लीलाताईंना विचारलं, "माताजी, कौन गुज़र गया?"

रेडिओतून शरच्चंद्रांचा आवाज नुकताच सुरू झाला होता. लीलाताईंनी मान न वळवता बोट रेडिओकडे केलं.

"वही बोल रहा है," त्या म्हणाल्या. "चुप बैठो."